काच पुसायची न्हाय

मल्लप्पा,

तुझ्या तेराव्याला मी दोन शब्द बोललो नाही. साऱ्या शुक्रवार पेठेला नवल वाटलं. शेजारच्याची म्हैस व्याली तरी ज्यानं अर्धा तास भाषण ठोकलं, तो माणूस जिवलग मित्र गेल्यावर पत्रावळीवर मान घालून बसला. लोक म्हणाले, धक्का बसलाय. मी त्यांना तसं म्हणू दिलं. खरं कारण वेगळं आहे. उभा राहिलो असतो तर मी फार छान बोललो असतो. आवाज योग्य जागी कापरा झाला असता, वहिनींना हुंदका आला असता, गिरणीतल्या तुझ्या खात्यातले मिस्त्री धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत घरी गेले असते. आणि तू जिथं असशील तिथून म्हणाला असतास, "झालं का रं नाटक्या तुझं? आता खरं सांग."

तर खरं सांगायला बसलोय. दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या आहेत. गादीवर मी आहे, लुगड्यांचे गठ्ठे आहेत, आणि समोर, जिथं गिऱ्हाईक बसतं तिथं, तुझी दुर्बीण आहे. ती इथं कशी आली ते ओघानं येईल. गोष्ट मधूनच सुरू केलेली तुला खपायची नाही. तू मिस्त्री माणूस. पहिला पेच आधी, दुसरा मग.

गिरणीत नवी यंत्रं बसवायला आलेला साहेब परत निघाला तेव्हा त्याच्या सामानात ही अडीच हात लांब पितळी नळी होती. तिचे पाय मोडलेले. साहेबाला ती जड झाली, आणि तू वर्षभर त्याच्या हाताखाली राबलेला, म्हणून ती तुला मिळाली. खांद्यावर टाकून तू ती पेठेतून आणलीस तेव्हा मला वाटलं, गिरणीतला पाण्याचा नळच उपटून आणलास.

"ह्यातनं शनीचं कडं दिसतंय म्हणं," तू म्हणालास.

"शनी बघायला नळी कशाला? माझी कुंडली आहे की."

तुझा बाप दुधनीकडं मेंढरं राखायचा. त्याला घड्याळ ठाऊक नव्हतं; तिकांडं कुठवर आलं आणि बाजलं किती कललं या ताऱ्यांच्या खुणांवर त्याचं उठणं, निघणं, परतणं. ते तुझ्या अंगात उतरलं होतं. मला आकाशातलं काही कळत नव्हतं. मला फक्त बोलता येत होतं. आपलं जमलं ते त्यामुळंच.

पाय तू मोडीत निघालेल्या मागाच्या लाकडाचे केलेस. डोळा लावायच्या तोंडाला सुताची बॉबिन कापून, पुढंमागं सरकेल अशी बसवलीस. वळवायला मागाचंच एक दातेरी चाक, आणि ते इतकं गुळगुळीत फिरायचं की चंद्र सरकवायला करंगळी पुरायची. सगळं झाल्यावर तुमच्या माळवदावर, त्या मातीच्या गच्चीवर, आपण पहिल्यांदा शनी लावला, तर कडं नाही.

तू बघितलंस, मी बघितलं, वहिनींनी पदर खोचून बघितलं. नुसती पिवळी गोटी. मी माळवदावर लोळून हसलो. "साहेबानं कडं ठेवून घेतलं आणि शनी तेवढा तुला दिला." तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तेलकट हातांनीच शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांना गाठलंस, आणि घरी येऊन मला नि वहिनींना चुलीपुढं बसवलंस. दुरडीतली एक कडक भाकरी घेतलीस, पापडासारखी वाळलेली. सुरीनं तिच्या मधोमध भोक पाडलंस आणि त्यात कांदा बसवलास.

"ह्यो शनी. हे कडं." भाकरी तिरपी धरलीस, कडं दिसलं. मग हळूहळू आडवी करत अगदी डोळ्यांच्या रेषेत आणलीस, आणि भाकरीची नुसती धार उरली. "कडं लई पातळ हाय. असं समोर आलं की दिसायचंच न्हाय. पंधरा-एक वर्सांनी एकदा होतंय असं. आपण नेमकं त्याच साली बघितलं."

"माझी भाकरी," वहिनी म्हणाल्या.

"शनीला लागली, वहिनी," मी म्हणालो.

"मग शनीलाच वाढा. माझ्या ताटात भोकाची न्हाय चालायची."

तूच ती खाल्लीस. कांद्यासकट.

पुढल्या खेपेला शनी संध्याकाळी दिसायला लागला तेव्हा भाकरी जराशी तिरपी झाली होती. तू डोळा लावलास, बराच वेळ बघितलंस, मग मागं सरून मला जागा दिलीस. मी बघितलं. काळ्या पाटीवर कुणीतरी सोन्याचा एवढासा दागिना ठेवून विसरून गेलं होतं. आणि मल्लप्पा, आयुष्यात पहिल्यांदा मला एक शब्द सुचला नाही. तू तुझी वही काढलीस, गिरणीत सुट्या भागांची नोंद करायला असते तसली लांबट, आणि लिहिलंस: "शनी. कडं दिसलं. नाटक्या गप." ही नोंद तू मला वर्षानुवर्षं वाचून दाखवलीस, कोर्टात पुरावा दाखवावा तशी.

तुझ्या त्या दुर्बिणीचा संसार मी जवळून पाहिलाय. बायकोचं इतकं कुणी करत नाही. माळवदावर कुणी चालायचं नाही. पाणी प्यायला उठायचं तरी आधी सांगायचं. खाली वहिनी उखळात शेंगांची चटणी कुटायला बसल्या की वर गुरू नाचायला लागायचा, आणि तू धाब्याच्या झरोक्यातून ओरडायचास, "अगं थांब की जरा, चंद्रं हाललं गुरूचं." खालून उत्तर यायचं, "मग गुरूच्या चंद्रालाच म्हणावं, चटणी कुट." दिवसभर तापलेलं माळवद गार होईतो दुर्बिणीला तोंड उघडून वाऱ्यावर ठेवायचं, नाहीतर तारा उकळत्या आमटीतल्या डाळीसारखा खालीवर होतो. धुराड्याचा धूर ज्या अंगाला वळेल त्या अंगाचं आकाश त्या दिवशी बंद. पावसाळ्यात डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, काचेनं ओल धरू नये म्हणून.

आणि सगळ्यांत वरचा नियम. काच पुसायची न्हाय.

यावर आपण पंधरा वर्षं भांडलो. सोलापूरची धूळ ती, तिला नियम ठाऊक नाहीत. पुढच्या काचेवर तिचा थर बसायचा आणि मला तो बघवायचा नाही. मी कापडवाला. धूळ बसलेलं लुगडं उचलून गिऱ्हाईक बाजूला ठेवतं, हे मी रोज बघतो. मी म्हणायचो, "एकदा पुसून तर बघ, सगळे तारे नवे दिसतील." तू म्हणायचास, "धुळीतनं दिसतंय. वरबाडल्यातनं दिसत न्हाय." फार झालं तर कोंबडीच्या पिसानं एक हलका हात, बास. मी तुला गबाळ्या म्हणायचो, तू मला म्हणायचास, "तुझं सगळं वरनं चकचकीत." हे भांडण आपण मिटवलं नाही. मला वाटतं, ते मिटवायचं दोघांच्याही मनात नव्हतं.

आता दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीकडं येतो.

खंडेनवमीला तू दिवसभर गिरणीत. यंत्रं पुसायची, तेल द्यायचं, झेंडूचे हार घालायचे. घरची हत्यारं पाटावर मांडायचं काम दरवर्षी माझ्याकडं: पाने, कानशी, हातोडा, आणि सर्वांत पुढं दुर्बीण. त्या वर्षी मला वाटलं, पूजेला देव घासून घेतात, मग हिला का नाही? चिंच लावून नळी घासली. ती अशी उजळली की वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमची तांब्याची घागरबी घेता का?" तिथं थांबायला हवं होतं. पण मला टाळी मिळाली की मी थांबत नाही, हे तुला माहीत आहे.

वहिनी नैवेद्याला आत गेल्या आणि मी काच धरून ठेवणारी पुढची गोल पितळी पट्टी फिरवून काढली. मला वाटलं होतं काच एक असेल. निघाल्या दोन, एकीवर एक बसलेल्या. रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, धुवट मलमलीनं टिपल्या. अशा लख्ख झाल्या की हातात काही आहे असं वाटेना. परत घालताना मात्र वरच्या काचेची कुठली बाजू वर होती ते आठवेना. दोन्ही बाजूंनी ती फुगीरच. मी एक बाजू ठरवली. नाटकात वाक्य विसरलं की दुसरं कुठलं तरी ठोकून द्यायचं, तसं. पट्टी आट्यांवर चढवली तर दोन आटे बाहेर राहिली. मी ती रेटली. कापडाचा गठ्ठा आवळावा तशी रेटली. मग झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि तुझी वाट बघत बसलो.

तू आलास, कपाळावर गिरणीतलं कुंकू. दुर्बिणीकडं बघून हसलास. "नवरदेव केलास की रं हिला."

संध्याकाळी नवमीचा चंद्र डोक्यावर होता. तू डोळा लावलास. बॉबिन फिरवलीस, पुढं सरकवलीस, मागं सरकवलीस. डोळे पुसलेस. परत लावलास.

"धुकं हाय का रं?"

"नाही."

"धूर?"

"नाही. स्वच्छ आहे."

"मला पिठात पडल्यासारखा दिसाय लागलाय चंद्र. तू बघ."

मी बघितलं. चंद्रावर दुधाची साय धरली होती. खड्डे नाहीत, डोंगर नाहीत, कडा नाही. एका क्षणात मला कळलं मी काय करून बसलोय. आणि मल्लप्पा, मी मान वर केली आणि म्हणालो, "मला तर लख्ख दिसतंय."

का म्हणालो? उद्या गुपचूप सरळ करून टाकू असं वाटलं. पंधरा वर्षांचं भांडण एका संध्याकाळी हरायचं नव्हतं. आणि एवढ्या चकचकीत नळीपुढं, हार घातलेल्या, आपण गाढव आहोत हे म्हणवेना. तिन्ही कारणं खरी आहेत. तिन्ही मिळूनसुद्धा पुरत नाहीत.

तू माझ्याकडं बघितलंस, माझ्या बोलण्यावर तुझा विश्वास होता. "मग माझं डोळंच गेलं," तू म्हणालास, अगदी हळू.

दोन दिवसांनी डॉक्टरला दाखवलंस. तो म्हणाला, मोतीबिंदू धरायला लागलाय. पिकला की काढू. म्हणजे मोतीबिंदू खरंच होता. तुझ्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. ज्या दिवशी माझ्या मित्राला त्याचे डोळे जाणार हे कळलं, त्या दिवशी मी सुटकेचा श्वास टाकला. यासाठी मी तेराव्याला बोललो नाही.

कारण तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू तेव्हा नुकता धरायला लागला होता. तुला पाने दिसत होते, आटे दिसत होते, वहिनींच्या नथीतला मोती हललेला दिसत होता. चंद्र दिसला असता. कडं दिसलं असतं. अजून वर्षभर तरी सगळं दिसलं असतं. ते वर्ष मी खाल्लं.

सरळ करायला दोनदा गेलो. तू झोपलेला असताना पट्टी फिरवून बघितली. ती हलेना, मीच रेटून बसवलेली. तिसऱ्यांदा गेलो नाही. तोवर नवी व्यवस्था लागून गेली होती. तू माळवदावर घोंगड्यावर उताणा पडायचास, मी दुर्बिणीला डोळा लावायचो, आणि तू म्हणायचास, "सांग."

आणि मी सांगायचो. तुझ्यासमोर आता मान्य करायला हरकत नाही की मी बहारीचं सांगायचो. कृत्तिका म्हणजे काळ्या चंद्रकळेवर सांडलेले मोती. गुरूचे पट्टे म्हणजे इरकली लुगड्याचे. चंद्राचे खड्डे मी नुसते दाखवले नाहीत, त्यांत उतरून आलो. आधी आधी काचेत धूसर का होईना बघून सांगत होतो. मग ते धूसर बघायची लाज वाटायला लागली, आणि मी नळीला डोळा टेकवून मिटून घ्यायला लागलो. मिटल्या डोळ्यांनी छानच दिसायचं. वहिनी जिन्यात बसून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "भावजींचं आभाळ म्हणजे नुसतं लुगड्यांचं दुकान." तू हसायचास. "असू दे गं. मला हितनं फुकट दिसतंय."

वर्ष गेलं. दुसऱ्या दसऱ्यानंतरची गोष्ट. तुझ्या डोळ्यांत आता पांढरं स्पष्ट दिसत होतं, गिरणीत तू बोटांच्या अंदाजानं काम करायचास आणि म्हणायचास, "बोटांस्नी मोतीबिंदू होत न्हाय." त्या संध्याकाळी तू म्हणालास, "शनी लाव."

लावला. म्हणजे नळी त्या अंगाला वळवली.

"कडं कसं हाय?"

माझ्या अंगात संचारलं. "काय सांगू मल्लप्पा. रुईफुली काठ बघितलायस? सोन्याच्या जरीचा, बोटभर रुंद? तसं कडं, सगळ्या बाजूनं फिरलेलं. मध्ये काळी रेघ, ती तर अशी, की..."

तुझं शेंगा सोलणं थांबलं. मला वाटलं, ऐकताना रंगलास.

"परत एकदा बघ," तू म्हणालास.

"अहाहा. आज तर पूर्ण उघडलंय. इतकं रुंद मी कधी बघितलं नव्हतं."

मग अंधारात तुझा हात पुढं आला, त्यात भाजलेल्या शेंगा होत्या. "घे," तू म्हणालास. "दमला असशील."

त्यानंतर तुला एक नवी सवय लागली. सांगून झालं की तू विचारायचास, "आज काही वेगळं दिसतंय का रं?" मी म्हणायचो, "रोजच्यासारखंच. लख्ख." दर आठवड्याला. थंडीत, गड्ड्याची जत्रा सुरू असताना. उन्हाळ्यात, सगळी पेठ माळवदावर झोपायला चढायची तेव्हा. "नीट बघ. वेगळं काही?" "काही नाही." मला वाटायचं, डोळ्यांबरोबर तुझं मनही थोडं हळवं होत चाललंय. मी तुझी कीव केली, मल्लप्पा.

मग भाद्रपदात तो ताप आला. मोतीबिंदू पिकला होता, दिवाळीनंतर काढायचं ठरलं होतं. मी मनाशी ठरवलेलं, शस्त्रक्रियेआधी काहीही करून काच सरळ करायची, मग तू डोळ्यांवरची पट्टी सोडून पहिला चंद्र बघशील तो लख्ख असेल, आणि तेव्हा हसत हसत सगळं सांगून टाकीन. प्रसंग मी मनात बसवून ठेवला होता. कुठं थांबायचं, कुठं हसायचं. तू सहा दिवसांत गेलास.

परवा खंडेनवमी झाली. वहिनींनी निरोप पाठवला म्हणून गेलो. दुर्बीण घोंगड्यात गुंडाळून ठेवली होती, वर वही.

"यंदा आमच्यात सण न्हाय," त्या म्हणाल्या. "पर हत्यार बिनपूजेचं ठेवू नये म्हणायचे हे. तुमच्या घरी न्या. तितं करा पूजा."

"वहिनी, मी एक..."

"आणि भावजी," त्या म्हणाल्या, "काच तेवढी पुसू नका."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी पदर डोळ्याला लावला होता, पण मला शपथेवर सांगता येईल, त्या थोड्या हसत होत्या.

दुकानात आणली. फळ्या लावल्या. गादीवर पांढरी चादर अंथरली आणि पट्टीला हात घातला, आज फुटली तरी चालेल पण काच सरळ करायची, असं म्हणून. पट्टी लोण्यासारखी फिरली. तिच्या आट्यांना मेणाचा बारीक हात दिलेला होता. मी काचा काढल्या, उजेडात धरल्या. दोघींच्या कडेवर पेन्सिलीची एक एक तिरपी रेघ होती, अशी, की एकीवर दुसरी नीट बसली तर रेघा जुळून बाणाचं टोक व्हावं. टोक आभाळाकडं. महामूर्खालाही चुकता येऊ नये अशी खूण. जशा निघाल्या तशाच मी त्या एकीवर एक ठेवल्या. टोक जुळत होतं. काच सरळ होती.

मग वही उघडली. शेवटची पानं तू बोटाएवढ्या अक्षरांत लिहिली आहेस, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मला लावून लावून वाचावं लागलं.

"शनी. ह्या साली भाकरी आडवी. कडं दिसायचं न्हाय. नाटक्याला दिसलं. लई रुंद दिसलं म्हणतोय."

त्या नोंदीनंतर काय झालं ते, मी वही घेऊन परत गेलो तेव्हा वहिनींनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तू पुढच्या सोप्यात पांढरं धोतर अंथरून बसलास आणि म्हणालास, "दार लावून घे. त्यो आला तर सांग, झोपल्यात." बोटांनी पट्टी चाचपलीस आणि दोन आटे बाहेर आहेत म्हणालास. तापल्या फडक्याचा शेक देऊन ती सोडवलीस. वरची काच अंगठ्यानं एका अंगानं फिरवलीस, मग दुसऱ्या अंगानं, आणि हसायला लागलास. वहिनी म्हणाल्या, "डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसले. मग नुसतंच पाणी आलं." पेन्सिलीच्या रेघा त्यांनी ओढल्या, तुझं बोट जिथं होतं तिथं.

वहीत त्या दिवशी एवढंच आहे: "काच उलटी हुती. सरळ केली. चंद्र बघितला. धुरकट, पर खड्डं दिसलं. बघू त्याला कधी कळतंय."

आणि पुढं, पानामागून पान:

"इचारलं. न्हाय कळलं."

"इचारलं. न्हाय कळलं."

"इचारलं. बघतच न्हाय वाटतं. डोळं मिटून सांगतोय."

"इचारलं. न्हाय कळलं."

जवळजवळ एक वर्ष, मल्लप्पा. एक वर्ष तू दर आठवड्याला माझ्यासाठी दार उघडं ठेवलंस. मी एकदा, फक्त एकदा, डोळा उघडून बघितलं असतं, तर "अरे, हे साफ कसं झालं" असं माझ्या तोंडून निघालं असतं. मग सगळंच निघालं असतं. तू मला पकडू शकत होतास. पहिल्याच संध्याकाळी, त्या शेंगांऐवजी हातावर भाकरी ठेवू शकत होतास, भोक पाडलेली. पण माझं मी बोलावं म्हणून तू थांबलास. आणि मी इरकल विकत बसलो.

शेवटची नोंद तापाच्या आठवड्याआधीची आहे. "आज इचारलं न्हाय. सांगताना त्याला लई बरं वाटतंय."

ती ओळ वाचली आणि काचा खुणेवर जुळवून परत बसवल्या.

काल संध्याकाळी दुर्बीण आमच्या माळवदावर नेली. माळवद गार होईतो तिला वाऱ्यावर ठेवलं. आमच्या घरच्यांना सांगितलं, कुटायचं काम उद्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके गप्प का?" मी म्हणालो, शनी लावायचाय.

दिवेलागण झाल्यावर थोड्या वेळानं तो सापडला. मी डोळा लावला आणि उघडा ठेवला. मग तुझ्या वहीत, तुझ्या शेवटच्या ओळीखाली, मी नोंद केली. जमेल तितकी तुझ्यासारखी. वाचून दाखवतो.

"शनी. गोळा लहान, पिवळसर. कडं आहे. फार बारीक, दोन्ही बाजूंना एक एक रेघ, सुईएवढी. भाकरी नुकती कलायला लागली आहे. मधली काळी रेघ दिसली नाही. वारा होता, थोडं हलत होतं. वेगळं दिसतंय.

काचेवर धूळ आहे. पुसलेली नाही."